कॅसेटीत नवी गाय येत नाही

मैना चहाच्या दोन कपबशा घेऊन बाहेरच्या खोलीत आली, तेव्हा टीव्हीच्या पडद्यावर नुसत्या मुंग्या होत्या आणि तिचा नवरा त्या मुंग्यांकडे बघून हसत होता.

बरं, हसत होता तोही अगदी बरोबर जागी. आवाज खणखणीत चालू होता. मालिकेतली डॉक्टरीणबाई कंपाउंडरला म्हणत होती, "दिनकरराव, थर्मामीटर झटकायचं असतं, चाटायचं नसतं." या वाक्याला सोमाजी इतकी वर्षं जशी मांडीवर थाप मारायचा, तशीच त्यानं आताही मारली. वर म्हणाला, "पाह्य, पाह्य, तोंड पाह्य त्या कंपाउंडरचं! बकरीनं कडू पाला खाल्ल्यावानी करते."

तोंड कुठलं नि काय! पडद्यावर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची झिमझिम चालली होती. पावसाळ्याच्या दमट हवेत कॅसेटला धरलेली बुरशी पुढे हिवाळ्यातही व्हीसीआरच्या हेडला चिकटते, मग चित्र जातं आणि आवाज तेवढा उरतो. फार पूर्वी एकदा असं झालं होतं, तेव्हा सोमाजीनंच अख्खं घर डोक्यावर घेतलं होतं. आज तो मजेत बसला होता.

मैनाला वाटलं, गंमत करून राह्यले. सोमाजीचा स्वभावच तसा. लग्नाच्या पंगतीत त्यानं सख्ख्या मामाच्या पत्रावळीखाली बेडूक सोडला होता. म्हणून ती दारातच थांबली. आता मान वळवेल, दात दाखवेल, म्हणेल कशी फसली. त्यानं मान वळवली नाही. कंपाउंडरचं पुढचं वाक्य त्यानं कंपाउंडरच्या आधी म्हटलं आणि पडद्याकडे बोट केलं. "आता टोपी काढते पाह्य. काढली!"

मैनाचं पाऊल दारातून पुढं पडेना.

इथं या दोघांचं हे वेड काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर कोणी म्हणेल, एवढ्यातेवढ्यावरून बाई घाबरली. 'चिंचखेडचा दवाखाना' ही मालिका पहिल्यांदा लागली तेव्हा यांच्या घरी टीव्ही नव्हता. नवं लग्न झालेलं, चामोर्शीच्या रस्त्यावरचं तळ्याकाठचं गाव, आणि गावात टीव्ही एकट्या ग्रामसेवकाकडे. त्याच्या खिडकीबाहेर उभं राहून ही दोघं बघायची. ऐन रंगात आलं की लाईन जायची. डॉक्टरीणबाई साप चावलेल्या पोराला इंजेक्शन देतेय आणि गावभर अंधार! पोरगं वाचलं की मेलं याची चर्चा करत दोघं घरी यायची आणि भात खातानाही तेच बोलायची. पुढे स्वतःचा टीव्ही आला. मैनाचा भाऊ लटारू नागपूरला टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात होता. त्यानं एक जुना व्हीसीआर आणि त्या मालिकेचे सगळे भाग कुठूनसे कॅसेटींवर भरून आणून दिले. साप चावलेलं पोरगं वाचलं होतं हे या दोघांना इतक्या वर्षांनी कळलं. त्या दिवशी मैनानं गोड भात केला होता.

तेव्हापासून सोमाजीच्या जीपला खाडा असला की यांचा दवाखाना उघडायचा. कंपाउंडरची वाक्यं सोमाजीची, डॉक्टरीणबाईची मैनाची. भात करपला तर सोमाजी गंभीर तोंडानं म्हणायचा, "रोगी हातचा गेला, बाई." भांडण झालं तरी कोणीतरी मालिकेतलं एखादं वाक्य टाकायचं आणि भांडण तिथंच बसायचं. शेजारणी हसायच्या. "काय वं मैना, शिळ्या कढीले किती ऊत आनशील?" मैना म्हणायची, कढी शिळीच चांगली लागते, फक्त ढवळत राहायची. खरी गोष्ट तिनं कोणाला सांगितली नव्हती. त्या गावात नवरा-बायको भर दुपारी खांद्याला खांदा लावून बसत नाहीत. टीव्हीपुढे बसता येत होतं. मैनाला डॉक्टरीणबाई आवडायची हे खरं, पण तो खांदा त्याहून जास्त आवडायचा.

पोरगी आचल चंद्रपूरला नर्सिंगच्या वसतिगृहात गेली आणि गावात केबल आली. शेजारच्या घरांतून नव्या नव्या मालिका ऐकू यायच्या. मैनानं एकदोनदा म्हटलं, लावून तर पाहू. सोमाजीनं साफ नकार दिला. "त्या मालिकेत कोन कोनाची सून हाय तेच समजत नाई. आपला दवाखानाच बरा." मैना मनातून सुखावली होती. बाकीच्या बायकांचे नवरे संध्याकाळी मोहाची घेऊन पडतात आणि आपला नवरा आपल्यासोबत बसून तीच मालिका बघायचा हट्ट धरतो, याचा तिला चांगलाच अभिमान होता.

आता ती दारात उभी होती आणि त्या अभिमानाचं पाणी पाणी होत होतं.

"अवो," ती म्हणाली. "आज डॉक्टरीणबाईनं कोनती साडी नेसली?"

"हे का इचारनं झालं? निळी. बारीक काठाची. ह्या भागात निळीच हाय."

"अन् मांग भितीवर का हाय?"

"बाळाचं क्यालेंडर. तू आज परीक्षा घेऊन राह्यली का?"

सगळी उत्तरं बरोबर होती. बरोबर होती म्हणूनच मैना जास्त घाबरली. तिनं कपबशा खाली ठेवल्या. "पडद्यावर काई नाई," ती म्हणाली. "मुंग्या हायेत नुसत्या. मी चहा ठेवाले गेली तवापासून असंन."

मांडीवर थाप मारायला उचललेला सोमाजीचा हात हवेतच राहिला. कंपाउंडर आपला बोलतच होता.

"हाव ना," सोमाजी म्हणाला. "तेच म्हननार होतो. हेड खराब झालं."

समोरासमोर विचारल्यावर सोमाजीला आयुष्यात कधी धड खोटं बोलता आलं नाही. मैना त्याच्या पुढ्यात बसली आणि तिनं त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. तिच्या कानाकडे बघत होता. गेले कित्येक महिने तो असाच तिरका बसायचा, मान आखडली म्हणायचा, आणि मैना रोज संध्याकाळी त्याच्या मानेला मोहाचं तेल चोळायची. मान ठणठणीत होती! एवढं तेल, एवढं चोळणं, आणि दुखणं भलतीकडेच.

"खरं सांगा," ती म्हणाली. "आचलची शपथ हाय."

पोरीची शपथ घातल्यावर मग त्यानं सांगितलं. मागल्याच्या मागल्या हिवाळ्यापासून दिसणं कमी झालं होतं. समोर बघितलं की मधोमध धुरकट डाग यायचा. तो वाढत गेला. बाजूबाजूनं दिसतं; उजेड कळतो, माणूस उभा आहे हे कळतं, कोण आहे ते आवाजावरून. जीपच्या स्प्रिंगचा पाटा आणायला म्हणून नागपूरला गेला होता, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आला. डोळ्यामागची शीर सुकत चालली, चष्म्यानं होत नाही, ऑपरेशनही नाही, असं डॉक्टरनं सांगितलं. सोमाजी बाजारातून पाटा घेऊन घरी परतला, वाटेत मैनासाठी संत्री घेतली, आणि बोलला काहीच नाही.

"मग हे दोन वर्सं आपन का पाहून राह्यलो होतो?"

"तू पाहत होती," सोमाजी म्हणाला. "मी तुले आयकत होतो. तू कुठी हासते, कुठी दम धरते. सारं पाठच हाय ना. तू हासली का मले दिसल्यावानी होते."

मैनाला रडू आलं. त्याच वेळी ती कपबशी उचलून याच्या डोक्यात घालावी असंही वाटलं. दोन वर्षं तिच्या खांद्याला खांदा लावून हा माणूस अंधारात बसला होता आणि ती त्याला म्हणत होती, पाह्य ना, किती गोड हासते. तिला त्याची दया आली, स्वतःची लाज वाटली, आणि फसवल्याचा राग आला तो वेगळाच. काय आधी करावं ते तिला कळेना. आणि मग एकाएकी, एवढा वेळ आपण काय विसरलो होतो ते तिच्या ध्यानात आलं. तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

"अन् गाडी?"

सोमाजी काळीपिवळी जीप चालवायचा. स्वतःची. गावातून चामोर्शी, चामोर्शीतून गाव, कोंबून माणसं भरून.

"गाडीचं का?" तो म्हणाला. "रोडचा गड्डा न् गड्डा पाठ हाय मले. कुठी वळन, कुठी पुलिया, कुठी मोहाचं झाड रोडावर वाकलं. ह्या कॅसेटीवानीच."

"कॅसेटीत नवी गाय येत नाई, अवो!" मैना ओरडली. "रोडवर येते! कॅसेटीत पोट्टा रोज त्याच टायमाले धावते. रोडवर कवाही धावते!"

"ओरडू नको. दोन वर्सं झाले, कोंबडी मेली नाई माह्या गाडीखाली."

"मरंन तवा माणूस मरंन!"

मग सोमाजी तापला. चांगला माणूस तापला की वाईट तापतो. मी आंधळा नाही, तो म्हणाला, थोडं धूसर दिसतं, एवढंच. गावात एक शब्द गेला तर उद्यापासून लोक काठी हातात देतील, वाटेनं चालताना पोरं मागं लागतील, आणि वीस वर्षं ड्रायव्हर भाऊ म्हणणारे लोक बिचारा म्हणतील. झाकली मूठ झाकलीच राहू दे. उद्या चामोर्शीचा बाजार आहे आणि गाडी जाणार म्हणजे जाणारच. मैना रडली, पाया पडली, जेवली नाही. तोही जेवला नाही. पण त्यानं एकदा ठरवलं की ठरवलं. सरकवून सरकत नव्हता.

टीव्ही बंद करायचं दोघांनाही सुचलं नव्हतं. मुंग्यांमागून डॉक्टरीणबाई कोणालातरी गोळी गिळायला सांगत होती.

सकाळी मैना त्याच्या आधी तयार होऊन जीपपाशी उभी राहिली. बाजारात जायचंय म्हणाली. सोमाजीला काय ते समजलं, पण चारचौघांत बायकोला नाही म्हणायची सोय नव्हती. तळ्यावरून मासोळीवाल्या बाया ओल्या टोपल्या घेऊन आल्या आणि टोपल्या वर टपावर चढल्या. या रस्त्यावर मासोळीच्या टोपल्या घेणारी हीच एक जीप होती. बाकीचे ड्रायव्हर नाक मुरडायचे. टोपलीतून पाणी गळतं, सीटला वास बसतो, सुटाबुटातलं गिऱ्हाईक चढत नाही. सोमाजी म्हणायचा, आपणही त्याच तळ्याचे. त्यामुळे बायांचा त्याच्यावर भारी जीव होता.

मैना पुढं सोमाजीच्या बाजूला बसायला गेली तर कलाबाई आडवी आली. कलाबाई म्हणजे त्या बायांची म्होरकी, अंगापिंडानं थोराड, तोंडानं त्याहून.

"ते माही जागा हाय, मैना. तू मांग बस."

"मी त्यायची बायको हावो," मैना म्हणाली.

"असशीन. पर जागा माही हाय."

हा काय प्रकार? मैनाच्या मनात भलतीच शंका डोकावून गेली, पण कलाबाईच्या पांढऱ्या केसांकडे बघून तिनं ती परत पाठवली. शेवटी दोघी पुढंच बसल्या. कलाबाई सोमाजीला चिकटून आणि मैना दाराकडे. मागं बाया, म्हातारे, दोन बकऱ्या. जीप निघाली.

रस्ता मोकळा होता. दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या भातशेताच्या बांध्या, मधे मधे पेंढ्या रचलेले धानाचे पुंजणे, त्यापलीकडे जंगलाची निळसर कड. सोमाजी वळणाआधीच वळणाचं बोलायचा, जसा कंपाउंडरच्या आधी बोलायचा. "आता पुलिया. आता मोह." आणि खरंच, छोटा पूल आला, मोह आला. त्याचे हात चाकावर असे ठाम होते की क्षणभर मैनाला वाटलं, आपलंच काही चुकलं का? याला दिसतंय की!

कलाबाईची बडबड मात्र अखंड चालू होती. "अगो माय, हे बैलबंडी पाह्य, धानाचे भारे भरून रोडाच्या मधातून चालली. डावीकडे सरकून राह्यली आता, सरकली. हा पाह्य लाल गाडीवाला, मेल्याले कायची घाई, येऊन राह्यला समोरून. गेला. बकऱ्या वं, बकऱ्या, उजवीकडून, पोट्टा हाकलून राह्यला, थांब जरा, निघाल्या." मैनानं आधी लक्षच दिलं नाही. म्हाताऱ्या बायांना जे दिसेल ते बोलायची सवय असते.

मग तिच्या लक्षात आलं की कलाबाई थांब म्हणाली तेव्हा जीप थांबली होती.

तिनं कान टवकारले. "सायकलवर मास्तर," कलाबाई म्हणाली आणि जीप किंचित उजवीकडे झाली. "ढोरं, चार," मागून कोणीतरी बाई म्हणाली आणि वेग उतरला. मागचा एक म्हाताराही पानाची पिचकारी टाकता टाकता म्हणाला, "ट्रक हाय मांग, जाऊ दे त्याले." आणि सोमाजीनं ट्रकला वाट दिली. अख्खी जीप बोलत होती. अख्खी जीप रस्ता वाचून दाखवत होती आणि तिचा नवरा ऐकून गाडी हाकत होता.

म्हणजे यांना माहीत होतं. सगळ्यांना. तळ्यावरच्या बायांना, पान खाणाऱ्या म्हाताऱ्याला, कदाचित बकऱ्यांनासुद्धा. गाव झाकल्या मुठीत काय आहे ते जाणून होतं आणि घरातल्या बाईला पत्ता नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

"कलाबाई," ती म्हणाली, "तुमाले ठाऊक हाय?"

कलाबाईनं तिच्याकडे एकदा नीट बघितलं आणि पुन्हा रस्त्याकडे. "तुले आज समजलं का? बरं झालं बाप्पा. मले वाटे तूच इतकी पक्की हाय का तोंडावर दाखवत नाई."

"तुमी सारे याच्या गाडीत बसता? जानूनबुजून?"

"मग कोनाच्या बसू? पोरी, मागल्या साली ह्यानं गाडी बंडीवर नेली होती सीधी, मी बोंबलली म्हनून थांबली. तवापासून मी इथी बसतो. त्याले डोळे नाई, आमाले गाडी नाई. माही टोपली कोन घेते दुसरा? चालत जाऊ का चामोर्शीले? जाईपर्यंत मासोळी सडते."

सोमाजी पुढं बघत गाडी चालवत होता. पुढं म्हणजे किंचित डावीकडे. त्याची मान लाल झाली होती.

"अवो, पर एखांद्या वेळी कोनी मधात आलं तं?" मैनाचा आवाज चढला. "तुमी कोनाशी बोलत राह्यल्या तं? तुमाले शिंक आली तं?"

"आजवर नाई आली शिंक!" कलाबाईही चढली. "तू कायची मोठी शानी? घरात नवरा आंधळा झाला ते समजलं नाई, अन् आमाले शिकवून राह्यली!"

हे वर्मी लागलं. मैना रडत काहीतरी बोलली आणि कलाबाई तिला उत्तर द्यायला अर्धी वळली. एक हात सोमाजीच्या सीटवर, तोंड मैनाकडे, डोळे मैनाकडे. मागच्या बाया भांडण ऐकायला पुढं झुकल्या. भांडण कोण सोडतं? त्या क्षणी त्या जीपमध्ये एकही माणूस रस्त्याकडे बघत नव्हतं.

मैनालाही ते डोळ्याच्या कोपऱ्यातूनच दिसलं. धानाच्या पुंजण्यामागून पायवाट रस्त्याला मिळते, तिथून एक सायकल उसळून वर आली. सायकलवर एक पोरगी. निळा झगा, दोन वेण्या.

"थांबवा!" मैना ओरडली. तशी ती बाळंतपणातही ओरडली नव्हती.

सोमाजीनं सगळं अंग ब्रेकवर टाकलं. जीप किंचाळली, घसरली, आडवी झाली. टपावरची एक टोपली सुटली आणि काचेवरून मासोळ्या खाली सांडल्या. मग सगळं थांबलं. मागं एक बकरी तेवढी ओरडत होती.

मैनानं डोळे उघडले. पोरगी उभी होती. सायकल पडली होती, पुढचं चाक जीपच्या बंपरखाली गेलं होतं, आणि पोरीचे दोन्ही हात बोनेटवर टेकलेले होते. जीपला आपणच ढकलून थांबवलं असं वाटावं तशी ती उभी होती. तिच्या ढोपरातून रक्त येत होतं. मैना दार उघडून खाली पडलीच म्हणायची.

"लागलं का गो, माय? कुठी लागलं?"

पोरगी थरथर कापत होती. आधी तिला रडायलाही येईना. मग भीती उतरली आणि तिच्या जागी संताप आला. तिनं काचेकडे बघून बेंबीच्या देठापासून ओरडून विचारलं, "आंधळा हायेस का बे? दिसत नाई?"

रस्त्यावर कोणी आडवं आलं की जो तो हेच ओरडतो. आपण सगळेच ओरडतो आणि विसरतो. पण त्या जीपमधल्या एकूण एक माणसाची मान खाली गेली.

कलाबाईनं मात्र लगेच सावरून घेतलं. ती खाली उतरली आणि पोरीवरच डाफरली. "तूच कायले मधात आली वं? शाळेत हेच शिकवते? ब्रेक लागला नाई गाडीचा, जुनी हाय गाडी!" मागच्या बायांनी री ओढली. ब्रेकच लागला नाही. पोरगीच भरधाव आली. सायकलला घंटीही नाही. म्हातारा म्हणाला, लागलं नाही ना जास्त, मग झालं, चला, बाजार निघून जाईल. त्यांचं प्रेम खोटं नव्हतं, आणि त्याचीच मैनाला अधिक दहशत वाटली. ही सगळी चांगली माणसं उद्याही याच जीपमध्ये बसणार होती. परवाही. एक दिवस या रस्त्यावर कोणाचीतरी पोरगी मरणार होती आणि तेव्हाही हे ब्रेकवरच ढकलणार होते.

मैनानं तोंड उघडलं. काय बोलणार होती तिलाही ठाऊक नव्हतं. तेवढ्यात ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं.

सोमाजी उतरला. त्यानं एक हात जीपच्या पत्र्यावर ठेवला आणि पत्र्याला धरून धरून तो पुढं आला. सांडलेल्या मासोळीवर त्याचा पाय पडला, घसरला, त्यानं तोल सावरला. मैनानं आजवर त्याला असं चालताना पाहिलं नव्हतं. घरी तो झपाझप चालायचा. घरही त्याला पाठच होतं. बोनेटच्या टोकाशी आल्यावर तो थांबला.

"कोन हाय?" त्यानं विचारलं.

बायांनी मैनाकडे बघितलं.

"मैना, कोन हाय मधात?"

"पोरगी हाय," मैना म्हणाली. "आपली आचल पाचवीत होती तेवढी. हात लावून उभी हाय गाडीले."

"हात लावून," सोमाजी म्हणाला. त्यानं बोनेटवरून हात पुढं सरकवला, हळूहळू, चाचपत, आणि त्याच्या बोटांना त्या पोरीची बोटं लागली. त्यानं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. कलाबाई पुन्हा ब्रेकचं काहीतरी सांगू लागली, तसा तो तिच्यावर ओरडला, "चूप!" कलाबाईवर ओरडणारा माणूस त्या गावानं आजवर पाहिला नव्हता. ती चूप झाली.

"तू बरोबर बोलली, बाई," तो त्या पोरीला म्हणाला. पोरीनं बोनेटवरचे हात काढले. "आंधळा हावो मी. ब्रेक चांगला हाय. मी आंधळा हावो."

मागून येणारा एक सायकलवाला थांबला होता. एक बंडीही थांबली होती. सोमाजीला ती माणसं दिसत नव्हती, पण तिथं माणसं आहेत हे त्याला कळत असणारच, कारण त्यानं तेच वाक्य पुन्हा एकदा म्हटलं, आधीपेक्षा मोठ्यानं, रस्त्यालाच ऐकवायचं असल्यासारखं. बाया पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

मग तो मागं वळला आणि दाराशी गेला. आत हात घालून त्यानं किल्ली काढली, परत आला आणि ती समोर धरली. "घे, मैना."

मैना तिथं नव्हती. ती त्याच्या डाव्या अंगाला, पोरीपाशी गुडघ्यावर बसली होती. समोर नुसता रस्ता होता आणि त्यावर मासोळ्या तडफडत होत्या. सोमाजी रिकाम्या रस्त्यापुढे किल्ली धरून उभा राहिला. कलाबाईनं सांगायला तोंड उघडलं, तशी मैनानं तिला हातानं थांबवलं. ती उठली, आवाज न करता वळसा घालून गेली आणि त्यानं किल्ली जिथं धरली होती तिथं, त्याच्या समोर जाऊन उभी राहिली.

"आन," ती म्हणाली.